स्प्लिटच्या मावशींना, बाबांना भिंत दाखवल्याबद्दल

प्रिय मावशी,

क्रोएशियातल्या स्प्लिट शहरात, तुमच्या गल्लीत सगळे तुम्हाला ‘तेता’ म्हणतात. त्याचा अर्थ आत्या, मावशी, काकू काहीही होतो असं तुम्हीच सांगितलं होतं, म्हणून मी मावशी निवडलं. जर्मनमधलं पत्र पोस्टानं वेगळं पाठवलंय. पण बाबांच्या भाषेत आणि चारचौघांसमोर तुमचे आभार मानल्याशिवाय मला चैन पडेना.

त्या दुपारी स्प्लिटच्या जुन्या रोमन राजवाड्याच्या तळघरातून वरच्या पेरिस्टिल चौकाकडे चढणाऱ्या दगडी पायऱ्यांवर बाबा मधेच खाली बसले. चेहरा पांढराफटक, कपाळावर गार घाम. आम्ही ज्या गटाबरोबर आलो होतो तो गट घड्याळाकडे बघत पुढे निघून गेला होता. माणसं आम्हाला वळसा घालून जात होती. तुम्ही बाजारातून परतत होतात, पिशवीत टोमॅटो होते. ती पिशवी पायरीवर ठेवून तुम्ही बाबांचा हात धरलात. घाबरून माझ्या तोंडून जर्मन निघालं आणि तुम्ही जर्मनमध्येच उत्तर दिलंत. बावीस वर्षं जर्मनीत लाँड्रीत काम केलंय, हे नंतर कळलं.

तुमचं घर तिथून तीस पावलांवर. ओला टॉवेल, लिंबूपाणी, पायांखाली उशी. अर्ध्या तासानं बाबांनी डोळे उघडले आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. तुमच्या स्वयंपाकघराच्या तीन भिंती गिलाव्याच्या आणि चौथी उघडी, घडीव दगडांची, सतराशे वर्षांपूर्वीची. तिच्यावर कॅलेंडर आणि एक तवा टांगलेला.

बाबा वाईकडचे गवंडी. चाळीस वर्षं काळ्या दगडात काम केलं. गुडघे गेले तशी थापी सुटली, आणि मग बोलणंही कमी झालं. चार दिवस मी त्यांना अवशेष दाखवत फिरले, ते प्रत्येक ठिकाणी ‘छान आहे’ म्हणाले. तुमच्या घरात मात्र ते उठले, दगडावर तळवा टेकवला आणि मला म्हणाले, “विचार त्यांना, हा दगड कुठला?”

तुम्ही म्हणालात, समोरच्या ब्राच बेटावरचा. मग त्यांनी विचारलं, सांधा इतका बारीक कसा बसवला? तुम्ही तवा काढलात, कॅलेंडर काढलंत, खुर्ची सरकवलीत आणि म्हणालात, नीट बघू द्या त्यांना. मावशी, पाण्याबद्दल आभार आहेतच. पण एका आजारी म्हाताऱ्याला तुम्ही पुन्हा गवंडी म्हणून वागवलंत, त्याबद्दल कसे आभार मानू?

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, तुम्ही स्वतः आम्हाला पुन्हा तळघरात नेलंत. आदल्या दिवशी मी तिथून नुसती फोटो काढत गेले होते. रोमन बादशहा डायोक्लेशियननं 305 साली आपणहून सत्ता सोडली आणि तो या राजवाड्यात राहायला आला, एवढंच मला ठाऊक होतं. वर त्याचे महाल होते ते बहुतेक नाहीसे झाले. पण समुद्राकडे उतरती जमीन, म्हणून महालांना पेलायला खाली कमानींची दालनं बांधलेली, आणि वरच्या खोल्यांचा आराखडा या खालच्या दालनांनी जसाच्या तसा धरून ठेवलेला.

आणि ती टिकली कशामुळे? सातव्या शतकात जवळचं सालोना शहर पडलं, तिथली माणसं या तटांच्या आत आसऱ्याला आली आणि राहिली. पुढे वर घरं झाली, जमिनीला भोकं पाडून सांडपाणी आणि कचरा खाली सोडला गेला. शतकानुशतकं दालनं भरत गेली आणि म्हणूनच जपली गेली. विसाव्या शतकात उपसा झाला तेव्हा कमानी जागच्या जागी. “आमच्याच पणज्यांचा कचरा,” असं तुम्ही केवढ्या अभिमानानं सांगितलंत! बाबा एका कमानीखाली मान वर करून कितीतरी वेळ उभे होते. मग म्हणाले, “जोतं शाबूत असलं की वाडा कुठे जातो?”

तिथून कॅथेड्रल. ते मुळात डायोक्लेशियनची समाधी. ज्या ख्रिस्ती लोकांचा त्यानं छळ केला, त्यांच्यातला बिशप डोम्नियस 304 साली सालोनात मारला गेला. आज त्याच समाधीत पूजा चालते ती संत डोम्नियसची. मी हे सांगत होते आणि बाबा मात्र बाहेरच्या काळ्या स्फिंक्सपाशी, म्हणजे सिंहाच्या धडाच्या पुतळ्यापाशी, थांबलेले. इजिप्तहून आणलेला तो दगड त्यांनी ओळखीचा माणूस भेटावा तसा थोपटला.

बादशहाला पुन्हा गादीवर बोलावलं तेव्हा, माझ्या हातानं लावलेली भाजी बघाल तर असं म्हणणार नाही, असं तो म्हणाला अशी जुनी गोष्ट आहे. ती तुम्ही सांगितलीत आणि मी मराठीत करून दिली. बाबांनी लगेच तुम्हाला आमच्या परसातल्या वांग्यांबद्दल सांगायला घेतलं. वांग्याला जर्मनमध्ये काय म्हणतात ते मला ऐन वेळी आठवेना, तर त्यांनी हातांनीच आकार काढून दाखवला. त्यांना इतकं बोलताना मी कितीतरी दिवसांनी पाहिलं.

आता ते वाईला परतलेत, तब्येत बरी आहे. फोनवर रोज एकदा तुमच्या भिंतीचा विषय निघतो. निरोप दिलाय तो त्यांच्याच शब्दांत देते: खिडकीवरच्या भेगेत कुणालाही सिमेंट भरू देऊ नका. सिमेंट कडक, आतली ओल अडते आणि जुना दगड फुटतो. परवानगीचे कागद आले की चुन्यानंच दरजा भरून घ्या, आणि काम होईल तो दिवस कळवा. त्यांना फोनवरून बघायचंय.

तुमची,
वाईच्या गवंड्याची मुलगी