तुझ्या फोनातली माझी बाग

१६ जानेवारी २०२६

प्रिय बंड्या,

तिळगूळ घे. ‘गोड बोल’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत गच्चीवर मी तुला म्हणालो, ‘बाग विकून पुण्यात फ्लॅट घेतलेल्यानं मला करार शिकवू नये.’ चहा अर्धा टाकून तू उठलास. त्यानंतर तीनदा तुला फोन लावला आणि तिन्ही वेळा रिंग जायच्या आत कापला. म्हणून पत्र लिहितोय. माझी तब्येत ठीक, शुगरची गोळी चालू आहे. आक्का बरी आहे.

बागेतल्या यंत्राच्या कराराबद्दल तू बरोबर होतास. आधी हे लिहून टाकतो, नाहीतर पुढचं लिहिता येणार नाही.

ज्या कंपनीचं हवामान मोजणारं यंत्र आपल्या द्राक्षबागेत उभं होतं, ती गेल्या पावसाळ्यात बंद झाली. इंग्रजीतली मेल आली होती, तीस दिवसांत सेवा थांबेल म्हणून. मेल कोण बघतं रे आपल्याकडे? मला कळलं ते ॲप उघडेना तेव्हा. २०२० च्या फळासाठीच्या गोडी छाटणीपासूनचं सगळं गेलं. जमिनीतला ओलावा, पानं किती तास ओली राहिली, ऊन, तापमान, दर पंधरा मिनिटांची नोंद. खांब अजून उभा आहे. त्यावर कावळा बसतो.

पैसे गेल्याचं दुःख नाही. यंत्रानं आपली किंमत वसूल करून दिली. डाऊनी रोगाचा धोका नसताना आपण नुसत्या ढगांना भिऊन फवारायचो, ते थांबलं. पाण्याचंही तसंच. मुळाशी ओल आहे हे आकड्यात दिसल्यावर मोटर बंद ठेवायचं धाडस आलं. आपली काळी जमीन सुकली की भेगाळते, मग सेन्सरभोवती पोकळी होऊन तो भलतंच दाखवतो, हेही हळूहळू कळलं. त्या रीडिंगवर किती विश्वास ठेवायचा हे मी चार वर्षं शिकत होतो. शिकलेलं डोक्यात आहे रे, पण ते पडताळून बघायला काही उरलं नाही.

आणि नेमकं हे वर्ष असं निघालं. पुण्यात तुला जाणवलं असेल, मेमध्येच पाऊस लागला, २६ मेला मान्सून मुंबईत, इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. आमची नव्या काड्यांसाठीची खरड छाटणी एप्रिलची. त्यानंतर ४० व्या दिवसापासून काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, घड तयार व्हायला लागतो आणि तेव्हा काडीला ऊन लागतं. आम्हाला मिळाले ढग. सप्टेंबरात काडी तपासून घेतली, तर वरच्या प्लॉटात डोळ्यामागून डोळा रिकामा. नुसती बाळी, घड नाहीच. कादवेकाठच्या खालच्या प्लॉटात मात्र बऱ्यापैकी घड, कारण मजूर लवकर मिळाले म्हणून तिथली छाटणी बारा दिवस आधी झाली होती. बारा दिवसांनी एवढा फरक? की खालची जमीन वेगळी म्हणून? २०२१, २२, २३ या तिन्ही वर्षी दोन्ही प्लॉट वेगवेगळ्या तारखांना छाटले होते. त्या दिवसांचं ऊन आणि तापमान समोर असतं तर माझ्या धाकट्या मुलीनं एका संध्याकाळी उत्तर काढलं असतं. ती राहुरीहून पदवी घेऊन परत आली आहे. बागच करायची म्हणते. तिनं पहिला प्रश्न विचारला तो हा, आणि मी तिला आबांची वही दिली.

वही तुला आठवत असेलच. तू पहिल्यांदा लिहिलंस, ‘पाऊस : खूप’. आबांनी पान पुढं सरकवलं, ‘खूप म्हणजे किती मिलिमीटर?’ पुढं सगळं गाव तुला खूपमिलिमीटर म्हणायचं. लग्नातही तुझ्या मेहुण्यांपर्यंत ते पोचवलं होतं मी. वहीत १९९१ चा पाऊस सापडतो, भुरी कुठल्या ओळीपासून सुरू झाली ते सापडतं. २०१० साली वाढ रोखणाऱ्या सीसीसी औषधाच्या अंशांवरून युरोपनं माल अडवला, तेव्हा कधी काय मारलं ते सगळं आम्ही वहीतून वाचून दाखवलं होतं. पण ऊन वहीत नाही. पान किती तास ओलं होतं ते नाही. मला वहीकडं परत जायचं नाहीये, बंड्या. मला यंत्रच हवंय, पण त्यातलं माझं असलेलं.

कंपनी गेली तरी आकडे कुठंतरी असतील, कुणीतरी विकत घेतले असतील. आमच्या शिवारावर शिकलेलं ते मॉडेल उद्या दुसऱ्याच नावानं मलाच विकायला येईल, हा विचार रात्री झोपू देत नाही. धाकटी सांगते, युरोपात १२ सप्टेंबर २०२५ पासून डेटा ॲक्ट लागू झालाय, ट्रॅक्टर असो की सेन्सर, त्यातून निघालेला डेटा वापरणाऱ्याला मागता येतो. आपली द्राक्षं तिकडे जातात, ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या सरकारी नोंदणीवर, प्लॉटची नोंद केल्याशिवाय जातच नाहीत. आपल्याकडे २०२३ चा कायदा आहे, पण तो माणसाच्या खासगी माहितीचा. माझ्या मातीचा ओलावा खासगी माहिती आहे का? तूच सांग. शेतकरी ओळख क्रमांक काढून झाला, ई-पीक पाहणी दरवर्षी करतो, सरकारनं गेल्या जूनमध्ये एआयचं धोरण आणलं, ५०० कोटींचं. हे सगळं यायलाच हवं, मी त्याच्या बाजूचा आहे. पण दर ठिकाणी माझ्या बागेची माहिती वर जाताना दिसते, खाली माझ्या हातात येताना दिसत नाही. महसूल मंडळातलं हवामान केंद्र आमच्यापासून सात किलोमीटरवर. तिथं कोरडं आणि इथं गुडघाभर पाणी, असं दोनदा झालं. तेव्हा आमचंच यंत्र साक्षीला होतं.

आता खरं कारण. २०२१ ते २३ या तीन वर्षांत मी तुला रोज सकाळी ॲपचा फोटो पाठवायचो, आठवतं? वहिनी म्हणायची, लोक गुड मॉर्निंग पाठवतात आणि तुमचा मित्र आर्द्रता पाठवतो. तू झोपेतच अंगठा पाठवायचास. माझा फोन विहिरीत पडला, जुनं काहीच परत आलं नाही. त्या फोटोंत दोन्ही प्लॉटचं ऊन, तापमान, पानाचा ओलावा, सगळं एका पडद्यावर असायचं. भांडणाच्या रागात तू पुसलं नसशील, तर तेवढंच जगात उरलंय.

दुसरं, शिवारातले आम्ही चौदा जण मिळून नवी यंत्रं घेतोय. करार अजून सही व्हायचा आहे. सोबत पाठवतोय. दर महिन्याला सगळी नोंद आमच्या संगणकावर उतरवता आली पाहिजे, आणि कंपनी विकली-बुडाली तरी, हे कुठल्या कलमात कसं लिहायचं ते तू लिहून दे. या वेळी मी निमूट ऐकेन.

काकूंचा गुडघा कसा आहे? चिरंजीव यंदा दहावीला ना? फ्लॅटच्या गळतीचं झालं का काही? फेब्रुवारीत माल निघेल तेव्हा सगळे या. खालच्या प्लॉटात तुमच्यापुरते घड नक्की आहेत.

खरड छाटणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ठरवायची आहे. फोटो मिळाले तर मार्चअखेरपर्यंत पाठव, आणि पाठवताना वरची तारीख कापू नकोस.

तुझा,
बापू