सपोर्ट संपला हे मान्य, पण शेवटचे बिल्ड का काढले?

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: जुन्या व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरचे शेवटचे बिल्ड आणि गेस्ट टूल्स डाउनलोडमधून काढून टाकल्याबाबत

महोदय/महोदया,

एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या आपल्या सॉफ्टवेअरचा कायमस्वरूपी परवाना मी पैसे मोजून घेतला आहे. माझ्या आवृत्तीचा सपोर्ट आपण थांबवलात, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. जुने सॉफ्टवेअर कोणी जन्मभर सांभाळत नसते. पण त्या आवृत्तीचे शेवटचे बिल्डही, म्हणजे दुरुस्त्यांसह तयार केलेले अखेरचे रूपही, आपण डाउनलोडमधून काढलेत. माझ्याकडचे बिल्ड त्याच्या दोन पायऱ्या मागचे आहे आणि मधल्या सुरक्षा दुरुस्त्या त्यात नाहीत. ‘अपडेट तपासा’ दाबले की चक्र फिरत राहते आणि सर्व्हर सापडला नाही असा संदेश येतो.

माझा होस्ट, म्हणजे मुख्य संगणक, लिनक्सवर आहे; त्याच्या आत चालणारा आभासी संगणक, म्हणजे गेस्ट, विंडोज एक्सपी. मोजमापाच्या एका यंत्राचे सॉफ्टवेअर एक्सपीशिवाय चालत नाही. एक्सपीचा सपोर्ट 2014 मध्येच संपला, म्हणून तर तिला नेटवर्क न देता व्हर्च्युअल मशीनमध्ये कोंडून ठेवले आहे. आता ज्यात कोंडले त्याच्याच भिंतीला भोके असतील तर उपयोग काय? 2015 मध्ये उघड झालेला ‘व्हेनम’ हा दोष क्यूएमू या व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरच्या व्हर्च्युअल फ्लॉपीच्या कोडमध्ये होता. फ्लॉपी कोणी वापरत नसले तरी गेस्टमधून होस्टवर जायची वाट तिथे होती. असे दोष अपडेटनेच बुजतात.

तरी हातपाय हलवून पाहिले. होस्टचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, 6.15 वर गेला आणि त्याला जोडले जाणारे आपले मॉड्यूल कंपाइल होईना, कारण कर्नलने ‘डेल टायमर सिंक’ हे एका फंक्शनचे जुने नाव काढून ‘टायमर डिलीट सिंक’ एवढेच ठेवले आहे. सोर्समध्ये शोधून नावे बदलली. मग सिक्योर बूट आडवे आले; ते सही नसलेले मॉड्यूल चालू देत नाही. स्वतःची किल्ली तयार करून मॉड्यूल साइन केले, रीबूटच्या वेळी त्या निळ्या पडद्यावर किल्लीची नोंद केली, तेव्हा कुठे मशीन चालू झाले. हे काम ग्राहकाचे नव्हे, तरी केले.

गेस्ट टूल्सपाशी, म्हणजे गेस्टमध्ये बसवायच्या पूरक प्रोग्रॅमपाशी, मात्र अडलो. एक्सपीसाठीची टूल्सची आयएसओ (डिस्कची प्रत असलेली फाइल) इन्स्टॉलरमध्ये नाही. ती मागणीनुसार आपल्या सर्व्हरवरून उतरते आणि तो पत्ता आता बंद आहे. टूल्स नाहीत म्हणून होस्ट आणि गेस्टमधला शेअर्ड फोल्डर नाही, आणि शेअर्ड फोल्डर नाही म्हणून मोजमापांच्या फाइल्स बाहेर काढता येत नाहीत. सध्या प्रत्येक वेळी मशीन बंद करून तिची डिस्क होस्टवर माउंट करतो आणि फाइल्स उचलतो.

नवी आवृत्ती घ्या म्हणाल, तर ती माझ्या जुन्या प्रोसेसरवर इन्स्टॉलच होत नाही. हे मी आधीच कळवले आहे.

शेवटचे बिल्ड, एक्सपीची टूल्स आयएसओ आणि दोन्हींचे चेकसम (फाइल अस्सल आहे का हे पडताळायचे आकडे) परवानाधारकांना उतरवता येतील असे ठेवा. चेकसम आवर्जून मागतो आहे, कारण कुठल्यातरी अनोळखी ठिकाणची फाइल होस्टवर रूट, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराने चालवायला मी तयार नाही. शिवाय परवाना ऑफलाइन चालू करण्याची सोय द्या. होस्टची डिस्क बदलावी लागली तर बंद सर्व्हरकडे परवाना कसा तपासून घेणार?

परवान्याची पावती आणि एरर लॉग सोबत जोडले आहेत. उत्तर पंधरा दिवसांत द्यावे. त्यात नव्या सदस्यतेची लिंक नको, ती मला तीनदा मिळाली आहे.

आपला,
एक परवानाधारक ग्राहक