सई, गाडी ५० इंचीच ठेव

प्रिय सई,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले गाडीचे फोटो आणि सामानाची यादी आई आणि मी दोघांनी नीट बघितली. आईला रंग आवडला, मला गाडीच आवडली. पोलारिसची आरझेडआर ५७०, डोंगर-जंगलातल्या वाटांवर चालवायची छोटी ऑफ-रोड गाडी, घेतलीस हे फार चांगलं केलंस, सेकंडहँड असली तरी फोटोत चॅसी सरळ दिसतेय आणि ए-आर्मच्या (चाक चॅसीला जोडणाऱ्या दांड्यांच्या) जोडाशी वेल्डिंग कुठे तडकलेलं दिसत नाही. आता यादी. गाडी उंच करायचं लिफ्ट किट, २८ इंची टायर, रुंद रिम, लाइट बार, साऊंड बार आणि शेवटी कुठेतरी विंच, म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र. फोनवर बोललो की तू "हो बाबा, हो बाबा" म्हणतेस आणि अर्धं राहून जातं, म्हणून सगळं लिहूनच पाठवतोय, निवांत वाच आणि त्याआधी काही ऑर्डर करू नकोस.

तुझी गाडी ५० इंच रुंद आहे आणि तेच तिचं खरं बळ आहे. फॉरेस्ट सर्व्हिसच्या, म्हणजे अमेरिकी वनखात्याच्या, जंगलातल्या बऱ्याच ट्रेल्सवर ५० इंच किंवा त्याच्या आतल्याच गाड्यांना परवानगी असते, हल्लीच्या मोठ्या ६४ इंची गाड्या तिथे शिरूच शकत नाहीत. तुला यूटामधल्या पायूट ट्रेलवर जायचंय ना, मेरीसव्हेलच्या बाजूने? मुख्य लूप २७५ मैलांच्या आसपास आहे आणि तो बराचसा रुंद आहे, पण त्याला फुटलेल्या ज्या बारीक वाटा झाडीतून वर चढतात त्यांची मजा छोट्या गाडीलाच. आता रुंद रिम आणि चाक बाहेर ढकलणारे स्पेसर लावलेस की गाडी ५४-५५ इंच होणार, मग त्या वाटा तुला बंद, आणि मोठ्या गाड्यांच्या रस्त्यावर मोठ्या गाड्यांच्या मागे धूळ खात जायचं, कारण इंजिन तर ५७० सीसीच राहणार. म्हणून रिम घेताना नुसता ४ बाय १५६ चा बोल्ट पॅटर्न जुळतो का एवढं बघून चालणार नाही, ऑफसेट, म्हणजे चाक किती बाहेर येतं, ते पण बघ. आणि टायर चढवल्यावर हवा भरून, गाडी सपाट जमिनीवर उभी करून, दोन्ही बाजूंना टायरच्या सगळ्यात बाहेर आलेल्या फुगवट्याला सरळ फळी टेकवून मधलं अंतर मोज. रिमपासून मोजू नकोस, फुगवट्यापासून मोज. १२७० मिलिमीटरच्या आत हवं.

टायरचं सांगतो. आत्ता २५ चे आहेत, २६ चे घाल, त्याच्या वर जाऊ नकोस. लोक उंचीसाठी मोठे टायर घालतात पण उंची वाढते ती फरकाच्या निम्मीच, म्हणजे २८ घातले तरी गाडी जमिनीपासून दीड इंचच वर जाणार, आणि त्या दीड इंचासाठी गिअरिंग १२ टक्के जड होणार. तुझ्या इंजिनाची ताकद ४५ हॉर्सपॉवरच्या आसपास, तीही समुद्रसपाटीची. दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद कमी होते, पायूट ट्रेल १०,००० फुटांच्या वर जातो, म्हणजे तिथे तुझ्याकडे तीसेक हॉर्सपॉवर उरणार आणि त्यातच ते जड टायर फिरवायचे. हे सगळं ओझं शेवटी बेल्टवर येतं. त्यापेक्षा २६ चे, पण आठ प्लाय रेटिंगचे घे, साइडवॉल जाड असलेले, कारण यूटामधल्या मोआबच्या खडकाळ वाळवंटात दगडाची धार टायरला खालून कमी आणि बाजूनेच जास्त कापते. हवा किती ते टायर कंपनीचं बघून ठरव पण गेज कमी प्रेशरचं घे, कारचं गेज ८ आणि १० पीएसआयमधला फरक नीट दाखवत नाही आणि आपल्याला तोच फरक महत्त्वाचा. प्लग किट आणि १२ व्होल्टचा छोटा कंप्रेसर गाडीतच ठेवायचा, घरी काढून ठेवायचा नाही.

बेल्टबद्दल थोडं जास्त लिहितो कारण ट्रेलवर अडकलेल्या ज्या गाड्या मी बघितल्यात त्यांत बेल्टवाल्या खूप. ह्या गाड्यांना आपल्या कारसारखा गिअरबॉक्स नाही, रबरी बेल्ट दोन पुलींमध्ये वरखाली सरकतो आणि तोच सगळं काम करतो. बेल्टचा शत्रू म्हणजे उष्णता. हाय रेंजमध्ये, म्हणजे वेगाने चालायच्या सेटिंगमध्ये, गाडी रेंगाळत दगड चढवायला गेलं की पुली बेल्टला पूर्ण पकडत नाही, बेल्ट घसरतो, तापतो, एका जागी चमकदार डाग पडतो आणि मग कधीतरी सपाट रस्त्यावर धाडकन तुटतो आणि माणसाला वाटतं इथे तर काहीच जोर नव्हता मग तुटला कसा. म्हणून माझा नियम असा, ताशी १० मैलांच्या आत चालायचं असेल, चढ असेल, दगड असतील, तर गाडी थांबवून लो रेंजमध्ये टाकायची, कंटाळा करायचा नाही. जळक्या रबराचा वास आला की लगेच थांब, कव्हरच्या आत गार हवा जाऊ दे, वीसेक मिनिटं बसा पाणी पीत. पाण्यातून गेल्यावर बेल्ट घसरायला लागला तर न्यूट्रलमध्ये रेस करून वाळव आणि कव्हरला ड्रेन प्लग असेल तर काढून पाणी सोड. नवीन बेल्ट घातल्यावर पहिले काही तास हळू चालव, बसू दे त्याला. एक स्पेअर बेल्ट कायम गाडीत, तोही चांगल्या कंपनीचा, आणि तो एकदा घरी गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने बदलून बघ, कुठला पाना लागतो, कुठला स्क्रू हाताला सापडत नाही हे तिथे कळलं पाहिजे, अंधारात डोंगरावर नाही. तुटलेल्या बेल्टचे दोरे पुलीच्या मागे गुंडाळून बसतात, ते सगळे चिमट्याने काढल्याशिवाय नवीन बेल्ट चढवायचा नाही, नाहीतर दोरा सीलमध्ये शिरतो आणि खर्च कुठल्या कुठे जातो.

लिफ्ट किट नको. हे मी ठामपणे सांगतोय. गाडी ५० इंच रुंद, त्यात वजन वर नेलंस तर आडव्या उतारावर ती लवकर कलंडणार, एवढं साधं आहे. शिवाय लिफ्टने सीव्ही जॉइंटचा, म्हणजे चाकाकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या वाकत्या जोडाचा, कोन वाढतो, रबरी बूट ताणून फाटतो, आत वाळू जाते आणि अॅक्सल बोलायला लागतो. मागे तुझं आणि मैत्रिणीचं, दोघींचं सामान, पाणी, हत्यारं टाकल्यावर गाडी बसते हे तुझं म्हणणं बरोबर आहे, पण त्याला उपाय लिफ्ट नव्हे, वजनाप्रमाणे योग्य स्प्रिंग आणि प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण. स्प्रिंग बदललेस की चालण्यात जो फरक पडेल तो तुला लगेच जाणवेल.

आणि नवीन काही लावायच्या आधी जुनं बघ. ए-आर्मचे प्लास्टिकचे बुश, बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग, प्रॉप शाफ्टचं मधलं बेअरिंग. हे मधलं बेअरिंग ह्या गाड्यांमध्ये हमखास जातं, खालून घरघर आवाज आणि पायाखाली थरथर आली की तेच. ग्रीस निपल असेल तिथे ग्रीस मार. कोल्हापूरला उद्यमनगरात तुझ्या आजोबांच्या लेथवर मी कॉलेजात असताना बसायचो, त्यांच्याकडे कुणीही मशीन घेऊन आलं की ते आधी हाताने ढिलाई बघायचे, मोजमाप नंतर. तू पण तसंच कर. चाक वर आणि खाली धरून हलव, मग डावी-उजवीकडे हलव. वरखाली खेळ असेल तर बहुतेक बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आडवा असेल तर टाय रॉड. खटखट झाली तर आधी ते पैसे खर्च कर, मग यादी.

गाडीच्या पोटाखालच्या स्किड प्लेटला मात्र हात आखडता घेऊ नकोस. कारखान्यातून येते ती पातळ असते. अॅल्युमिनियमची मिळते, पण दगडावर अॅल्युमिनियम घासून चिकटतं आणि गाडी अडते, त्यापेक्षा ते यूएचएमडब्ल्यू नावाचं जाड प्लास्टिक येतं ते घे, त्याच्यावर गाडी घसरत पुढे जाते. बरोबर ए-आर्मचे गार्ड आणि दारांखाली रॉक स्लायडर. पण एक काळजी, प्लेट आणि इंजिनाच्या मधे वाळलेलं गवत साठतं आणि वर सायलेन्सर तापलेला असतो. दर वेळी थांबलं की वाकून बघायचं आणि काढायचं. ह्याच कारणासाठी सायलेन्सर बदलू नकोस, बदललाच तर फॉरेस्ट सर्व्हिसला चालणारा, ठिणग्या अडवणारा स्पार्क अरेस्टर त्यात हवाच. उन्हाळ्यात तिकडची जंगलं कशी पेटतात ते तू बघतेसच. अग्निशामक हाताला येईल असा केजच्या, म्हणजे डोक्यावरच्या सांगाड्याच्या, पाइपला बांध.

विंच तुझ्या यादीत शेवटी आहे, मी वर आणतो. हिशोब असा की भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट. तुझी गाडी रिकामी १,००० पौंडांच्या आसपास, तुम्ही दोघी आणि सामान धरून १,६०० धर, म्हणजे २,५०० पौंडांची विंच पुरते, मोठी घेऊन पुढचं नाक जड करू नकोस. सिंथेटिक दोर घे, तुटला तरी स्टीलसारखा चाबूक मारत नाही, पण दगडावर घासू द्यायचा नाही आणि पुढे रोलरऐवजी गुळगुळीत अॅल्युमिनियमची फेअरलीड (दोर बाहेर येतो ती चौकट) बसव. ड्रमवर दोराचे दहाएक वेढे कायम राहिले पाहिजेत. एक स्नॅच ब्लॉक (दोर फिरवायची कप्पी) घेतलास की ओढ जवळपास दुप्पट होते. जंगलात झाडाला दोर थेट बांधायचा नाही, रुंद पट्टा वापरायचा, साल सोलली की झाड मरतं. मोआबला तर झाडंच नाहीत बांधायला, तिथे दुसरी गाडीच आधार, म्हणून तिथे एकट्या गाडीने जायचं नाही, मला कबूल करून टाक. आणि त्या लाल मातीवर जो काळसर खडबडीत थर दिसतो तो जिवंत असतो, एकदा चाकाखाली गेला की परत यायला कित्येक वर्षं लागतात, तेव्हा वाट सोडून बाजूने काढायची नाही, कितीही मोकळं दिसलं तरी. तिथल्या आर्चेस आणि कॅन्यनलँड्स ह्या राष्ट्रीय उद्यानांच्या आत ह्या गाड्या चालत नाहीत, रोड लीगल असली तरी नाही.

आता जे तुझ्या यादीत अजिबातच नाही ते. चार पॉइंटचे हार्नेस, आणि खांद्याचा पट्टा खांद्याच्या उंचीवरून मागे सरळ जायला हवा, खाली ओढला गेला तर धक्क्यात पाठीच्या कण्यावर दाब येतो, त्यासाठी केजला आडवा बार लावून घे. खिडकीला जाळी किंवा पूर्ण दारं. गाडी कलंडायला लागली की माणूस आपोआप हात बाहेर काढून जमिनीला टेकवायला बघतो आणि केज त्या हातावर येतो. हे रोखायला जाळी. आईने हे वाचलं आणि ती म्हणाली जाळीचे पैसे मी देते, तर तिला नाही म्हणू नकोस. हेल्मेट दोघींना.

धूळ म्हणजे इंजिनाचा संथ मृत्यू. प्रत्येक राइडनंतर एअर फिल्टर उघडून बघ, फिल्टरच्या कडेला पातळ ग्रीसचा हात फिरव म्हणजे बारीक धूळ तिथेच अडकते, आणि फिल्टरच्या आतल्या बाजूला, इंजिनाकडच्या पाइपमध्ये, पांढऱ्या फडक्याने पुसून बघ. फडकं मळलं तर धूळ आत जातेय, गाडी तिथेच थांबव. रेडिएटर धुताना पाणी मागून पुढे मार, आणि हळू, जोरात मारलं तर पात्या वाकतात.

लाइट बार घे पण छोटा. १२० वॉटचा बार १२ व्होल्टवर १० अँपिअर खातो, लो मध्ये हळू चालताना चार्जिंग आधीच कमी, त्यात विंच लावलीस तर बॅटरी बसणार. विंच ओढताना इंजिन चालूच हवं आणि वायर सर्किट ब्रेकरमधून थेट बॅटरीला. धुळीत पिवळसर दिवा पांढऱ्यापेक्षा बरा दिसतो. साऊंड बारचं नंतर बघू.

मोबाईलला तिथे रेंज नसते, सॅटेलाइट मेसेंजर मी तुला पाठवतोय, आयफोनवर भागव म्हणू नकोस, दगडावर पडलेला फोन काही पाठवत नाही. आणि वॉकीटॉकीसारख्या रेडिओला लागतं ते जीएमआरएसचं माझं लायसन्स मुलांनाही चालतं, माझाच कॉल साइन वापर, पण मैत्रिणीला तिचं वेगळं काढावं लागेल, ३५ डॉलर आणि १० वर्षं, परीक्षा नाही. यूटामधला ऑनलाइन ओएचव्ही, म्हणजे अशा ऑफ-रोड गाड्यांचा, कोर्स २०२३ पासून सगळ्या चालकांना सक्तीचा आहे, फुकट आहे, ह्याच आठवड्यात करून टाक. पाणी माणशी दिवसाला एक गॅलन, आणि वर एक दिवसाचं जास्त. जुलै ते सप्टेंबर दुपारी ढग दिसले की कोरड्या ओढ्यात उतरायचं नाही, पाऊस लांब कुठेतरी पडतो आणि लोंढा तुझ्याकडे येतो.

रविवारी सकाळी गाडी जॅकवर घे, खाली स्टँड लावल्याशिवाय आत हात घालायचा नाही, चारही चाकं हलवून व्हिडिओ काढ, आवाजासकट, आणि बेल्टचा कव्हर उघडून फोटो पाठव, बेल्टच्या दोन्ही बाजू दिसल्या पाहिजेत. ते बघून मी बुश आणि बेअरिंग इथून मागवतो आणि पुढच्या महिन्यात येताना घेऊनच येतो, प्रेस पण आणतो, दोघं मिळून बसवू.

तुझा,
बाबा

ता. क. आईने मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी वेगळी पाठवलीय, ती गाडीत ठेव, ट्रेलवर भाताबरोबर होईल.