तेरीज हाताने जुळवू द्या

महोदय,

माझी नात यंदा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. परवा रात्री ती तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, घेऊन माझ्यासमोर बसली. नावे (डेबिट) आणि जमा (क्रेडिट) या बाजूंची बेरीज सारखी यायला हवी, पण त्यांत 900 रुपयांचा फरक. मी रविवार पेठेतल्या पेढीवर 32 वर्षे वह्या लिहिल्या. फरकाला नऊने भाग जात असेल, तर आकड्यांची अदलाबदल झाली असावी, ही आमची पहिली शंका. तसंच निघालं. रोजकीर्दीतले, म्हणजे रोजच्या नोंदवहीतले, 5,400 खतावणीत, म्हणजे खातेवहीत, 4,500 झाले होते. चूक स्वतः शोधल्याचा तिचा आनंद मला फार मोलाचा वाटला.

पण तिच्या महाविद्यालयात दुसऱ्याच आठवड्यात मुलांना संगणकावर बसवलं. सॉफ्टवेअर नावे-जमा सारखी असल्याशिवाय नोंद घेतच नाही, म्हणून तेरीज जुळते आणि मुलांना वाटतं, हिशेब बरोबर आला. यंत्राची खरेदी चुकून दुरुस्तीखर्चाला टाकली तरी तेरीज जुळतेच! नफा मात्र कमी दिसतो, ताळेबंदात यंत्र येत नाही आणि त्यावरचा घसारा, म्हणजे वापराने होणारी किमतीतली घटही, निघत नाही. ही चूक संगणकाचा पडदा दाखवत नाही, ती समजावी लागते.

संगणकाला माझा विरोध नाही, नोकरीत तोच लागणार. पण पहिलं सत्र तरी रोजकीर्द, खतावणी, तेरीज हाताने लिहून घ्यावी. पेशवे दफ्तर ज्या शहरात जपलं आहे, तिथल्या मुलांना एकदा जुन्या मोडी रोजकीर्दीही दाखवाव्यात. प्राध्यापकांनी येत्या सत्रापासून याचा विचार करावा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त हिशेबनीस, पुणे