सोबतीला माणूस हवा आहे

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री दीडच्या सुमाराला आमच्या मंडळाच्या दोघीजणी देहविक्री करणाऱ्या एका ताईंना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेल्या. पैशांवरून वाद झाला आणि गिऱ्हाइकाने ताईंच्या डोक्यात बाटली फोडली होती. केसपेपर काढणाऱ्याने आधी नवऱ्याचं नाव विचारलं, मग पत्ता. पत्ता ऐकला आणि पेन खाली ठेवलं. ओढणीतून रक्त ठिबकत होतं, तरी बाकावर बसायला सांगितलं. टाके पडले पहाटे चारला. तिथून पोलीस ठाण्यात गेलो, तर "तुमच्या धंद्यात हे चालायचंच" एवढं ऐकून परत आलो. दुसऱ्या दिवशी मंडळातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका बरोबर आल्या. खुर्ची ओढून ताईंच्या शेजारी बसल्या आणि "तक्रार लिहून घ्या, आम्ही थांबतो" म्हणाल्या. पाऊण तासात गुन्हा नोंदवला गेला.

हे आवाहन त्या शेजारच्या खुर्चीसाठी आहे.

आमचं महिला मंडळ तुर्भ्याचं. हळदीकुंकू, भिशी, गणपतीतल्या स्पर्धा एवढाच आमचा पसारा होता. ठाणे-बेलापूर रस्त्याजवळची या ताईंची वस्ती आम्हाला वर्षानुवर्षं माहीत होती, पण तिकडे आम्ही कधी मान वळवून पाहिलं नाही, हे कबूल करायला हवं. २०२० च्या टाळेबंदीत शिधा वाटताना पहिल्यांदा त्या गल्लीत पाय ठेवला. वस्तीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली मुलं तुमच्या-आमच्या मुलांच्याच वर्गात बसतात.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने देहविक्री करणाऱ्या महिलांना ओळखपत्राचा आग्रह न धरता कोरडा शिधा द्या, असं राज्यांना सांगितलं. पुढे महाराष्ट्र सरकारने तीन महिन्यांसाठी दरमहा ५,००० रुपये आणि शाळकरी मुलं असणाऱ्यांना आणखी २,५०० रुपये जाहीर केले. निर्णय चांगला होता. पण पैसे बँकेत येणार आणि आमच्या ओळखीच्या कितीतरी जणींचं खातंच नव्हतं. खातं नाही कारण आधार नाही, आधार नाही कारण पत्त्याचा पुरावा नाही, आणि घरवाली, म्हणजे कुंटणखाना चालवणारी बाई, भाडेकरार कशाला करून देईल?

ही गाठ सोडवायची वाट कायद्यात आहे. १९ मे २०२२ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेतल्या राजपत्रित अधिकाऱ्याने किंवा राज्य संस्थेच्या प्रकल्प संचालकाने ठरलेल्या नमुन्यात दाखला दिला, की पत्त्याच्या पुराव्याशिवाय आधार मिळालं पाहिजे आणि ही बाई काय काम करते हे त्या कार्डावरून कुणाला कळता कामा नये. लैंगिक अत्याचार झाला तर इतर कुठल्याही स्त्रीला मिळतात ते सगळे उपचार तिला मिळाले पाहिजेत, पोलिसांनी शिवीगाळ-मारहाण करायची नाही, तिच्याजवळ सापडलेला निरोध गुन्ह्याचा पुरावा धरायचा नाही, हेही त्याच आदेशात आहे. कुंटणखाना चालवणं, बाईला धंद्याला लावणं, तिच्या कमाईवर जगणं हे १९५६ च्या कायद्याने गुन्हे आहेत. देहविक्री हा मुळात गुन्हा नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे.

मुलांचंही तसंच. आईच्या एकटीच्या प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला द्यावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०१५ चा निकाल आहे. वयाचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. तरीही खिडकीवर पहिला प्रश्न येतो, "बापाचं नाव?" लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीतही पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला, तेव्हा आमच्याकडच्या तिघी अर्ज अर्धवट टाकून घरी गेल्या. बापाने विकलेल्या मुलीने त्याचा आधार क्रमांक आणायचा कुठून?

देणगी मागायला जातो तेव्हा काही जण म्हणतात, "आधी धंदा सोडायला लावा, मग मदत करू." त्यांचा हेतू वाईट नसतो. पण ज्या ताईंना सोडायचं आहे त्यांनाही दुसरीकडे खोली घ्यायला, कामाला लागायला, खातं उघडायला हेच कागद लागतात. आणि ज्यांना सोडायचं नाही किंवा आज जमत नाही, त्यांचं डोकं फुटलं तर टाके तितकेच पडतात. अल्पवयीन मुलगी आढळली तर आम्ही १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला कळवतो, त्यात कुणाची गय नाही.

आता मागणं. सगळ्यात आधी माणसं हवीत. बँक, शाळा, कोर्ट, महापालिका, दवाखाना अशा ठिकाणी नोकरी करून निवृत्त झालेल्यांनी आठवड्याची एक सकाळ द्यावी. अर्ज भरायचे आणि रांगेत शेजारी उभं राहायचं, एवढंच काम. सल्ल्यासाठी एखादे वकील मिळाले तर फार बरं. ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो, पण तिथपर्यंत नेणारं कुणी लागतं.

पैसे लागतात ते नोटरी, झेरॉक्स, फोटो आणि रात्रीच्या रिक्षासाठी. मोठा खर्च मुलांच्या अभ्यासिकेचा. संध्याकाळी सहा ते रात्री अकरा ही वेळ या पोरांची सगळ्यात वाईट. आई कामावर आणि खोली एकच. त्यांना बसायला जागा, गरम खिचडी आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या मावशींचा पगार, एवढं वर्षभर चालवायचं आहे. धनादेश मंडळाच्या नावे द्या, पावती मिळेल, हिशेब दर महिन्याला फलकावर लागतो. सीलबंद डाळ, तांदूळ, तेल चालेल. जुने कपडे कृपा करून आणू नका, आधीचेच गाठोड्यात पडून आहेत आणि उतरलेली साडी हातात घेताना या बायकांचा चेहरा आम्ही पाहिला आहे.

मंडळाच्या खोलीवर रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही असतो. वस्तीत परस्पर जाऊ नका, फोटो काढू नका, नावं विचारू नका. येत्या मंगळवारी चौघींना शिधापत्रिकेसाठी घेऊन जायचं आहे. सोबतीला आत्तापर्यंत दोघीच मिळाल्या आहेत.

– महिला मंडळाच्या कार्यकर्त्या, तुर्भे