‘रक्त वाढायची गोळी’ घरात वाटून खायची नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेशींना ऑक्सिजन कमी पडल्याचं कसं कळतं, यावर आपल्या आरोग्य पुरवणीत लेख आला. २०१९ चं नोबेल, ते मिळवणारे केलिन, रॅटक्लिफ, सेमेंझा, सगळं व्यवस्थित. पण शेवटी ‘याच शोधातून रक्त वाढवणारी गोळी आली’ एवढं सांगून लेखकानं विषय उरकला. त्यानंतरचे प्रश्न आमच्याकडे येतात.

मी नागपुरात डायलिसिस तंत्रज्ञ आहे. परवा भंडाऱ्याकडचे एक काका मशीनवर होते. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी शीर-धमनी जोडलेल्या हाताला दोन्ही सुया लावलेल्या, दुसऱ्या हातात तुमच्या पेपरचं कात्रण. म्हणाले, “ताई, माह्या पोरीले सिकलसेल हाय. तिचंबी रक्त कमीच रायते. माही गोळी तिले अर्धी देली तं काऊन नाही चालत बाप्पा?”

प्रश्न रास्त आहे. पण उत्तर द्यायचं तर मायटोकाँड्रियापर्यंत, म्हणजे शाळेतल्या तंतुकणिकेपर्यंत जावं लागतं, आणि तिचं लेखात नावसुद्धा नाही.

ऑक्सिजन कमी पडला की त्यावरच्या उपायांची जनुकं जागी करणारं हिफ नावाचं प्रथिन पेशीत सतत तयार होतं आणि ऑक्सिजन पुरेसा असला की काही मिनिटांत मोडीतही निघतं. मोडीत काढण्याआधी एक विकर (एन्झाइम) त्यावर खूण करतं. त्याला ऑक्सिजन लागतो, हे लेखात आलं. पण तेवढ्यानं भागत नाही. लोह लागतं आणि अल्फा-किटोग्लुटारेटही लागतं. बारावीला क्रेब्स चक्र घोकलेल्यांना हे नाव आठवेल; ते चक्र फिरतं तंतुकणिकेत. खूण करताना अल्फा-किटोग्लुटारेटचं सक्सिनेट होतं. ते फार साचलं की विकर अडतं, हिफ टिकून राहतं आणि ऑक्सिजन भरपूर असूनही पेशी गुदमरल्यासारखी वागते. शिवाय पेशीत येणारा बहुतेक ऑक्सिजन तंतुकणिकाच वापरते. ती मंदावली की या विकराच्या वाट्याला जास्त येतो.

याचा पुरावा मानेत सापडला, आणि मला तर हा भाग नोबेलपेक्षा रंजक वाटतो. मानेतल्या कॅरोटिड धमनीला जिथे फाटा फुटतो, तिथे तांदळाच्या दाण्याएवढा एक अवयव असतो. रक्तात ऑक्सिजन घटला की श्वास वाढवा, असा निरोप तो मेंदूला देतो. पेरूत अँडीजच्या उंचीवर राहणाऱ्यांमध्ये तिथे गाठी जास्त आढळतात. २००० साली कळलं, की काही कुटुंबांत उंचीचा संबंध नसतानाही तशाच गाठी होतात, कारण तंतुकणिकेत सक्सिनेट पुढे सरकवणाऱ्या दुसऱ्या एका विकराचं जनुकच बिघडलेलं असतं आणि सक्सिनेट साचत जातं.

आता गोळी. डेसिडुस्टॅटला भारतात मार्च २०२२ मध्ये मान्यता मिळाली, ती किडनीच्या जुनाट आजारातल्या रक्तक्षयासाठी. या जातीची औषधं हिफवर खूण करणाऱ्या त्या विकरात अल्फा-किटोग्लुटारेटची जागा अडवून बसतात. खूण होत नाही, हिफ टिकतं आणि एरिथ्रोपोएटिन, म्हणजे तांबड्या पेशी बनवायला लावणारं किडनीतलं संप्रेरक, वाढतं. काकांची किडनी ते पुरेसं बनवत नव्हती, म्हणून पूर्वी डायलिसिस संपता संपता आम्ही त्याचं इंजेक्शन द्यायचो. मुलीचं दुखणं वेगळं. एरिथ्रोपोएटिनचा तुटवडा हे तिच्या रक्तक्षयाचं मूळ नाही. तिच्या तांबड्या पेशी वाकतात, लवकर फुटतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. असं रक्त मनानं गोळ्या देऊन दाट केलं तर दुखण्याचा झटका ओढवून घेतल्यासारखं होईल.

हिफ टिकलं की नव्या रक्तवाहिन्या वाढवणारी जनुकंही जागी होतात, त्यामुळे कर्करोग असलेल्यांच्या बाबतीत डॉक्टर फार सांभाळून असतात. याच जातीच्या डॅप्रोडुस्टॅटला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली, तीसुद्धा रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात आणि हृदयविकाराचा ठळक इशारा छापूनच.

काकांना एवढं सगळं सांगितलं नाही. “तिचं सिकलसेलचं औषध, हायड्रॉक्सियुरिया, सुरू आहे ना, तेच नेमानं द्या आणि तुमच्या गोळीबद्दल तिच्या डॉक्टरांना विचारा,” म्हटलं. पण विदर्भात सिकलसेलची घरं कमी नाहीत आणि डायलिसिसचे पेशंटही कमी नाहीत. दोन्ही एकाच घरात असणारे हे काका काही एकटे नसतील. तेव्हा ही गोळी कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही, एवढी चौकट पुढच्या पुरवणीत छापावी, ही विनंती. अक्षर जरा मोठं ठेवा, आमचे बरेच पेशंट चष्मा घरीच विसरून येतात.

आपली,
एक डायलिसिस तंत्रज्ञ, मानेवाडा, नागपूर