लॅपटॉप तिच्यासमोरच राहू दे

चि. मनूस,

अनेक आशीर्वाद.

परवा सकाळी मी निघाले तेव्हा तू दारापर्यंत आली नाहीस, आणि मीही तुला हाक मारली नाही. अख्खा प्रवास मनातल्या मनात तुझ्याशी वाद घालत होते. घरी आल्यावर दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. फोनवर आपण दोघी एकमेकींचं वाक्य पुरं होऊ देत नाही. म्हणून पत्र लिहितेय. तुझ्या शिकवणीवरून झालेलं भांडण उकरून काढायचं नाही असं ठरवलंय, बघू किती जमतं.

आधी जे त्या रात्री बोलायचं राहून गेलं ते लिहिते. तू प्रोग्रॅमिंग फार छान शिकवतेस. मी दाराआडून ऐकत होते हे तुला आवडलं नाही, ठाऊक आहे. पण खोली शेजारचीच, आणि इतकी वर्षं शिकवलेल्या बाईचे कान असे बंद होत नाहीत. त्या उंच मुलाला तू रिकर्शन शिकवलंस तेव्हा मी हातातलं पुस्तक मिटून ठेवलं. फंक्शन स्वतःलाच बोलावतं, एवढं सांगून बरेच जण मोकळे होतात. तू त्याला पहिला प्रश्न विचारलास, "हे थांबणार कुठे?" थांबण्याची अट त्याच्याच तोंडून काढलीस, मग तीच ओळ त्याला पुसायला लावलीस आणि म्हणालीस, चालव आता. हजार पायऱ्यांच्या आसपास पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेने हात टेकले तेव्हा तो पोरगा मोठ्यानं हसला. मनू, मला असं शिकवता आलं नाही गं. मी फळ्यावर फॅक्टोरियल, म्हणजे एकपासून त्या संख्येपर्यंतचा गुणाकार, लिहायचे, दोन उदाहरणं करायचे आणि पुढच्या धड्याकडे वळायचे. त्या दिवशी बाबा असते तर बरं झालं असतं, असं वाटत राहिलं.

आणि मग ती बारीक आवाजाची मुलगी आली.

असाइनमेंट दुसऱ्या दिवशी द्यायची होती. ती दोनदा म्हणाली, "ताई, मला नाहीच जमत." नंतर खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि पुढची चाळीस मिनिटं फक्त तुझी बोटं कीबोर्डवर चालत होती. मधूनमधून तिचं "हो, कळलं." तिला कळलं नव्हतं. खरंच कळलेलं मूल "हो, कळलं" म्हणत नाही, ते काहीतरी विचारतं, नाहीतर "मग इथे असं केलं तर?" म्हणतं.

हेच मी रात्री बोलले, आणि नको त्या शब्दांत बोलले. "तू तिचं काम करून दिलंस" हे वाक्य मी मागे घेते. तू दिवसभर थकली होतीस आणि ती मुलगी रडत होती, हे मला दाराच्या अलीकडून दिसलं नव्हतं.

पण वाक्य मागे घेतलं तरी काळजी जात नाही.

एकास एक शिकवणीनं मुलं पुढे जातातच, असं म्हणताना तू ब्लूमचं नाव घेतलंस म्हणून त्याचं उत्तर देते. शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांचा १९८४ चा लेख मी वाचलाय. एकास एक शिकवणीतला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे गेला, हे त्यात आहेच. पण तिथे चाचणी घ्यायची, चूक सुधारायची, पुन्हा चाचणी घ्यायची आणि आधीचं पक्कं झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, अशी ती शिकवणी होती. शिवाय एवढा मोठा फरक पुढच्या लोकांना सापडला नाही. कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये बरेच अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा तो निम्म्याहूनही कमी भरला. मला त्याहून मोलाचा वाटतो तो मिशेलीन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००१ मधला अभ्यास. त्यांनी शिकवणाऱ्यांना समजावून सांगायलाच बंदी केली. विचारा, बोलतं करा, त्यांच्याकडून पुढचं काढा, पण स्वतः सांगू नका. विषय आपला नव्हता, रक्ताभिसरणाचा होता. तरी ती मुलं समजावून सांगितलेल्या मुलांइतकीच शिकली. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बसून राहिले. मी आयुष्यभर समजावूनच सांगत आले होते.

तुला दादाची वही आठवते का? निळ्या पुठ्ठ्याची. तू लहान होतीस. संध्याकाळी तो टेबलाशी बसायचा आणि मी शेजारी. तो अडला की मी अर्ध्या मिनिटाच्या आत त्याच्या हातातली पेन्सिल घ्यायचे. रागानं नाही, मायेनंच. त्याचा चेहरा उतरलेला मला बघवायचा नाही. त्याच्या वह्या सुरेख दिसायच्या. घरी केलेलं सगळं बरोबर, आणि परीक्षेच्या पेपरात कोरी पानं. त्या वर्षी निकाल लागल्यावर तो मला म्हणाला, "आई, तिथे तू नव्हतीस." त्याच्या मनात टोमणा नव्हता, तो खरंच तसं सांगत होता. आता तो स्वतःच्या मुलीच्या अभ्यासाला बसत नाही, वहिनीला बसवतो. मी कारण विचारलेलं नाही.

त्या मुलीच्या खुर्चीचा आवाज ऐकला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे निळी वही होती. तू नव्हतीस. हे त्या रात्री सांगता आलं असतं तर आपलं भांडण झालंच नसतं.

तिचं नेमकं कुठे अडतंय, हे तू पाहिलंस का? मला वाटतं लूप, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करणं, आणि याद्या फार पुढच्या गोष्टी आहेत, ती त्याच्या कितीतरी अलीकडे अडली आहे. तिला एक साधं कर. अ मध्ये ५, ब मध्ये ७. पहिली ओळ अ = ब. दुसरी ओळ ब = अ. प्रोग्रॅम चालवायच्या आधी विचार, शेवटी कशात काय असेल? ती बहुधा म्हणेल, अदलाबदल झाली. मग कागद घे, अ आणि ब असे दोन रकाने आख, आणि एकेक ओळ तिच्याकडून भरून घे. दोन्हीकडे ७ आले की ती गप्प होईल. तेव्हा तूही गप्प राहा. एक आकडा बाजूला ठेवायला तिसरा डबा लागेल हे तिला सुचायला तीन मिनिटं लागतील, पाच लागतील. ती पाच मिनिटं फार लांब वाटतात, मला माहीत आहे. मला ती कधीच सोसली नाहीत.

पास्कल या जुन्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आम्ही आधी कोलन आणि मग बरोबरचं चिन्ह लिहायचो, त्यामुळे "यात ते ठेव" असं वाचायला मुलांना सोपं जायचं. तुझ्या मुलांपुढे नुसतं बरोबरचं चिन्ह असतं, आणि गणितात ती ते कितीतरी वर्षं वेगळ्या अर्थानं वाचत आलेली असतात. शिवाय त्यांना वाटतं, आपल्याला काय म्हणायचंय ते यंत्राला उमगतं. रॉय पी या संशोधकांनी १९८६ मध्ये या समजाला सुपरबग म्हटलं होतं, जणू आत कुणी शहाणं माणूस बसलंय. त्या मुलीनं "पण मला तर मोठी संख्या हवी होती" असं म्हटलेलं मी ऐकलं. तिचं सगळं दुखणं त्या एका वाक्यात होतं, आणि तू तेव्हा टाइप करत होतीस.

पुन्हा तिथेच आले. सोडते.

लिहून बघण्याआधी वाचायला शिकव, एवढं मात्र म्हणते. २००१ मध्ये मॅक्रॅकन आणि इतरांनी चार विद्यापीठांतल्या, प्रोग्रॅमिंगचा पहिला अभ्यासक्रम संपवलेल्या २१६ मुलांना प्रोग्रॅम लिहायला दिले. ११० पैकी सरासरी गुण २३ च्याही किंचित खाली आले. पुढे २००४ मध्ये रेमंड लिस्टर आणि त्यांच्या गटाला दिसलं की पुष्कळ मुलांना दुसऱ्यानं लिहिलेला छोटा तुकडा ओळीओळीनं वाचून त्यातून काय निघेल तेसुद्धा धड सांगता येत नाही. म्हणजे तुझी ती मुलगी मठ्ठ नाही, जगभर तिच्यासारखी खूप मुलं आहेत. हे तिला सांग. आणखी एक सांग. जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये जाहीरपणे लिहिलं की जावा या भाषेसाठी त्यांनी स्वतः लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये, म्हणजे क्रमानं लावलेली यादी दर वेळी निम्मी करत शोधायच्या प्रोग्रॅममध्ये, नऊएक वर्षं एक चूक दडून होती. मधली जागा काढायला दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून तिची निम्मी करायची, पण यादी शंभर कोटींच्याही पलीकडे गेली की ती बेरीज इंटिजरमध्ये, म्हणजे पूर्णांकासाठी ठरलेल्या जागेत, मावत नाही आणि ऋण होऊन बसते. एवढ्या मोठ्या माणसानं आपली चूक चारचौघांत मांडली. त्या मुलीला चूक दाखवणारी लाल अक्षरं दिसली की ती मान खाली घालते, तिला हे ऐकून धीर येईल.

आणि ती लाल अक्षरं तिलाच मोठ्यानं वाचू दे. पायथनमध्ये आधी शेवटची ओळ. ओळीचा जो आकडा दिसतो तिथे यंत्र अडखळलं एवढंच, खरी चूक कितीदा तरी वरच्या ओळीत असते. हे तुला मी काय सांगायचं! वर्गात उभी असल्यासारखी लिहीत सुटलेय, राग मानू नकोस. तुझी मुलं तुझ्याकडे येतात, टिकतात, त्यांना तुझा आधार वाटतो. मला फक्त वाटतं की त्यांना तुझा आधार वाटावा, पण तुझ्याशिवाय पाऊल उचलेनासं होऊ नये.

तू म्हणालीस ना, की तू नाही लिहून दिलंस तर ती घरी जाऊन एआयकडून लिहून घेईल. खरं आहे. घेईलही. पण मग तुझ्याकडे येऊन तिला काय मिळायचं? लिहून द्यायला आता यंत्र आहे, तेही फुकट आणि रात्री-अपरात्री. तिच्या चेहऱ्याकडे बघून, "ही चौथी ओळ काढून टाकली तर काय होईल, सांग" असं विचारणारं माणूस तिला दुसरीकडे कुठे मिळणार? तिनं यंत्राकडून आणलेला कोडसुद्धा चालेल, पण तो घेऊन तुझ्यापुढे बसून तिनं प्रत्येक ओळीचं कारण सांगायचं. नाही सांगता आलं तर ती ओळ तिची नाही. आणि असाइनमेंट अर्धी गेली तर अर्धीच जाऊ दे. अर्धी, पण तिनं लिहिलेली. तिच्या घरच्यांना फोन करायची वेळ आली तर तूच कर, आणि खरं ते सांग.

तू कशी शिकलीस हे मला नीट आठवतं, म्हणून हे इतकं लिहितेय. बाबांच्या त्या सहा महिन्यांत मी घरात नसायचेच. दादाच्या वेळी जशी शेजारी बसले तशी तुझ्या शेजारी बसलेच नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. तुझा तो पहिला मोठा प्रोग्रॅम तीन दिवस कोसळत होता. दहा घटकांच्या यादीत तू दहाव्या क्रमांकाला हात घालत होतीस, मोजणी शून्यापासून आणि शेवटचा नऊ, ते तुझ्या लक्षात येत नव्हतं. तिसऱ्या रात्री मी दवाखान्यातून आले तेव्हा तू जागी होतीस. केस विस्कटलेले, डोळे लाल, आणि म्हणालीस, "आई, सापडलं. एकच चिन्ह होतं." मी तेव्हा नुसतं "बरं झालं, झोप आता" म्हटलं. बाबांचे रिपोर्ट माझ्या पिशवीत होते. आज वाटतं, त्या रात्री तुझ्याजवळ बसून ते चिन्ह बघायला हवं होतं. त्याहून जास्त हे वाटतं, की मी घरी असते तर पहिल्याच संध्याकाळी ते दुरुस्त करून टाकलं असतं.

त्या मुलीला तुझ्यासारखे तीन दिवस दे असं म्हणत नाही. परीक्षा आहे, वेळ नाही, सगळं कळतं. कधीतरी तुला स्वतःला न येणारा प्रश्न तिच्यासमोर घेऊन बस. "मला माहीत नाही, शोधू या" असं म्हण आणि तू कशी अडतेस, कशी मागे जातेस, काय छापून बघतेस ते तिला बघू दे. मुलांना वाटतं, ताईला सगळं एका दमात येतं. निदान तेवढ्यापुरता कीबोर्ड तुझ्याकडे घ्यायला माझी हरकत नाही.

शनिवारी येऊ का? तुझे वर्ग संपल्यावर येईन, दाराआड बसणार नाही. नको असेन तर तसं कळव, मी वाईट वाटून घेणार नाही. थोडं वाटेल. झोपत जा वेळेवर.

तुझी,
आई

ता. क. कपाट आवरताना तुझी शाळेतली वही सापडली, ती सोबत पाठवतेय. मधल्या एका पानावर तू पेन्सिलीनं आखलेले रकाने आहेत, कुठल्याशा लूपचे. सहा ओळी तुझ्या अक्षरात आहेत. सातवी माझ्या अक्षरात आहे, ती मी कधी भरली ते आठवत नाही. तू तिच्यावर काट मारलीस आणि खाली तोच आकडा पुन्हा स्वतःच्या अक्षरात लिहिलास.